पिवळी काच आणि निळे हात

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण तुमच्या खिशात मावणारा नव्हे. मला उचलायला दोन माणसे लागत. माझे अंग लाकडाचे, कोपरे पितळेचे आणि मधला भाग चामड्याचा, लोहाराच्या भात्यासारखा घड्या घातलेला. समोर एकच डोळा, आणि तोही टोपी घालून झाकलेला. आज मी एका दुकानाच्या कोपऱ्यात तीन पायांवर उभा आहे. लोक येतात, भ्रमणध्वनीची काच बदलून घेतात, जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारतात. मी काही बोलत नाही. पण आज तुम्ही विचारलेत, म्हणून सांगतो.

मला एका सुताराने घडवले. तो एरवी सोनारांच्या तराजूंसाठी पेट्या करी, त्यामुळे त्याचा हात सूतभरही चुकत नसे. माझ्या पोटात पूर्ण काळोख हवा होता. त्याने मला भर उन्हात ठेवले, आत डोके खुपसले आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला. उजेडाचा एकही ठिपका दिसला नाही तेव्हा डोके बाहेर काढून तो म्हणाला, झाला. एवढेच माझे बारसे.

ज्यांनी मला विकत घेतले ते फोटोग्राफर सडपातळ, नम्र आणि थोडे भित्रे होते. त्यांचा स्टुडिओ एका वळणावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. छताला तिरक्या काचा बसवलेल्या, म्हणजे दिवसभर सावळा, मऊ उजेड मिळे. जिन्याच्या तोंडाशी रस्त्यावर उघडणारी एक काचेची खिडकी होती. तिच्यात ते आपले चांगले फोटो मांडत. ते माझ्यामागे काळ्या कापडात शिरत, फोटो टिपायला दाबायचा रबरी फुगा हातात घेत आणि प्रत्येकाला म्हणत, "हलू नका." त्यामुळे आळीतली मुले त्यांना 'हलूनका' म्हणत. एकदा त्यांच्या सासऱ्यांनीही चुकून म्हटले.

माझ्या मागच्या दुधी काचेवर जग उलटे दिसे, पाय वर आणि डोके खाली. फोटोग्राफरांना त्याची इतकी सवय झाली होती, की उलट्या माणसाचा पेहराव ते सुलट्यापेक्षा लवकर ओळखत.

स्टुडिओचे दुसरे माणूस म्हणजे त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत, गिऱ्हाइकेसुद्धा. खिडकीपाशी तिचे उतरते मेज होते. त्या काळी फोटो आधी काचेवर उमटे; मी टिपलेली ती काच तिथे ठेवून, डोळ्याला भिंग लावून, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने ती चेहरे दुरुस्त करी. काचेवर काळे-पांढरे उलटे असते, मित्रांनो. काळा तीळ काचेवर पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलीची बारीक रेघ भरली, की कागदावर तो तीळ उजळतो, नाहीसा होतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळे, कपाळावरच्या आठ्या, वहिनींनी किती पुसल्या याला गणती नाही. लोक फोटो बघून खूश होत आणि फोटोग्राफरांची पाठ थोपटत. वहिनी मेजावरची पेन्सिलीची पूड फुंकून टाकत आणि पुढची काच घेत.

असे आमचे सुरळीत चालले होते. मग पाणकोंबडी आली.

पाणकोंबडी हे काही तिचे पाळण्यातले नाव नव्हे. तिच्या बापाने ठेवलेले लाडाचे नाव. बाप शहरातल्या मोठ्या रंगशाळेत निळीच्या हौदावर कामाला होता. चौदाव्या वर्षापासून तीही तिथेच. ओले कापड हौदातून काढायचे, पिळायचे, दोरीवर टाकायचे. या कामाने माणसाचे हात कोपरापर्यंत निळे होतात. लिंबू चोळा, वीट घासा, राख लावा, तो रंग जात नाही.

शहरात पोहण्याचा एक तलाव होता, एका क्लबचा. फाटकावर पाटी होती : 'रंगशाळेतील कामगार व कुटुंबीय. फक्त शनिवारी, चारनंतर.' शनिवारी रात्री तलाव रिकामा करत आणि रविवारी ताजे पाणी भरत. म्हणजे आठवडाभर सगळ्यांनी वापरलेल्या, हिरवट पडलेल्या पाण्यात शेवटचे दोन तास या लोकांचे. क्लबचे म्हणणे असे, की यांचा रंग पाण्याला लागतो. पाणकोंबडीचा बाप यावर फक्त एवढेच म्हणे, की हा रंग पाण्यात सुटला असता तर आमचे कापड कोणी घेतले असते?

त्या हिरवट पाण्यात ही मुलगी पोहायला शिकली. आठवड्यातून दोन तास, तेवढेच. बाकीचे दिवस ती घरी पाण्याच्या घंगाळात तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव करी आणि आजी तिला ओरडे, की बाकीच्यांना अंघोळ करू दे. सतराव्या वर्षी दुसऱ्या शहरात मोठ्या शर्यती होत्या. क्लबला मुलींच्या गटात नाव द्यायला कोणी नव्हते, म्हणून हिचे दिले. शंभर मीटर तिने एक मिनिट अठरा सेकंदांत कापले आणि क्लबच्या इतिहासातले मुलींचे पहिले पदक गळ्यात घालून ती परत आली.

क्लबच्या दिवाणखान्यात विजेत्यांच्या फोटोंची भिंत होती. ते सगळे फोटो माझ्याच पोटातून गेलेले. चिटणीस साहेबांनी चिठ्ठी पाठवली, की हिचाही फोटो काढावा, पदकासह, मात्र हात पाठीमागे ठेवून.

ती बापाबरोबर आली. क्लबने दिलेला कोट तिला खांद्यांत तंग होत होता. फोटोग्राफरांनी तिला उभे केले आणि हात मागे घ्यायला सांगितले. तिने हात पुढेच ठेवले, पदकाच्या खाली, एकावर एक.

"पोहले ते हातांनीच," ती म्हणाली. "ते दिसायला हवेत."

फोटोग्राफर कापडात शिरले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते बाहेर आले आणि हसून म्हणाले, बरं, पुढे तर पुढे. मला नवल वाटले, कारण चिटणिसांना नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कारण थोड्या वेळाने कळले. त्या काळच्या आमच्या काचांना निळा रंग नीट दिसत नसे. निळे आकाश कागदावर पांढरे यायचे, निळे कापड राखाडी. हात पुढे ठेवले तरी निळेपण येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असा त्यांचा हिशेब.

दोन दिवसांनी ती बापाबरोबर फोटो बघायला आली, त्याच कोटात, गळ्यात पदक घालून. छान आला होता फोटो. चेहरा, कोट, पदक. हात चेहऱ्याच्याच रंगाचे, स्वच्छ, कुणाचेही असावेत असे. तिने तो उजेडात धरला, मग स्वतःचे हात त्याच्याशेजारी धरले.

"काका, हे हात कोणाचे?"

फोटोग्राफरांनी समजावले, की काचेला निळा दिसत नाही, त्याला कोण काय करणार, यंत्राची मर्यादा आहे. बापाने मान डोलावली. मला फार वाईट वाटले, कारण दोष माझ्यावर आला होता. तेवढ्यात मेजावरून वहिनींचा आवाज आला. त्यांनी डोळ्याचे भिंगसुद्धा काढले नव्हते.

"आणि खणातली पिवळी काच?"

 पिवळी काच म्हणजे एक छोटी गोल चकती. इमारतींचे फोटो काढताना आकाशातले ढग उठून दिसावेत, म्हणून ती माझ्या डोळ्यासमोर बसवत. ती लावली की निळा रंग गडद येतो. फोटोग्राफर म्हणाले, की ती ढगांसाठी आहे. वहिनी म्हणाल्या, की काचेला ढग आणि हात यांतला फरक कळत नसावा. बायकोपुढे आणि त्या मुलीच्या नजरेपुढे त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी खण उघडला.

पिवळ्या काचेतून उजेड कमी येतो, म्हणून जास्त वेळ स्थिर उभे राहावे लागते. फोटोग्राफर म्हणाले, आठ सेकंद श्वास रोखावा लागेल, जमेल का? त्या मुलीला पहिल्यांदाच हसू आले. आपल्याला पावणेदोन मिनिटे रोखता येतो, असे ती म्हणाली. तेच हसू ओठांच्या कोपऱ्यात राहिले आणि मी ते टिपले. या खेपेला तिने कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि हात एकावर एक ठेवले नाहीत. तळवे आमच्याकडे करून, बोटे जराशी फाकवून, तिने ते पदकाच्या दोन्ही बाजूंना धरले. पाण्याला पुढे सारताना धरतात तसे.

कागदावर ते हात कोपरापर्यंत काळेभोर आले. चेहरा शांत, ओठांशी हसू, आणि ते दोन हात. मित्रांनो, मी हजारो माणसे पाहिली. इतक्या सरळपणे माझ्या डोळ्यात कोणीच पाहिले नव्हते.

चिटणीस साहेब जिना चढून स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा होता आणि क्लबच्या समितीला घाबरे. त्यांनी फोटो पाहिला, टेबलावर पालथा ठेवला आणि वहिनींना म्हणाले, की तुमच्या पेन्सिलीपुढे हे काय मोठे काम. हात तेवढे उजळा. आणि मुलीलाही निरोप द्या, की फोटो नीट लागला तर तिला एकटीला रोज तलावावर सोडू, मागच्या दाराने. पुढच्या शर्यती चार महिन्यांवर आल्या आहेत.

फोटोग्राफरांनी वहिनींकडे पाहिले. क्लबचे वर्षाचे काम आमच्याकडे असे, आणि ते गेले तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. वहिनींनी ती काच मेजावर ठेवली. पेन्सिलीला टोक केले. भिंग लावले. मी पाहत होतो. बराच वेळ त्यांचा हात काचेवर नुसता तरंगत राहिला. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आजवर लोकांच्या अंगावरचे डाग काढले," त्या म्हणाल्या. "हा डाग तिच्या अंगावरचा नाही, साहेब. तुमच्या पाटीवरचा आहे. तो माझ्या पेन्सिलीने जायचा नाही."

चिटणीस जिना उतरून गेले.

मुलीला निरोप पोचवणे भाग होते. वहिनी स्वतः रंगशाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. परत येऊन त्यांनी सांगितले ते असे. पाणकोंबडीने सगळे ऐकून घेतले. रोज पाणी मिळेल हे ऐकून तिचा चेहरा क्षणभर उजळला होता. शेवटी तिने विचारले, की मी मागच्या दाराने आत गेले तर माझी धाकटी भावंडे कुठल्या दाराने जाणार? आणि ती पुन्हा हौदाकडे वळली. वहिनी म्हणाल्या, पोरीला मोह झाला होता, मी पाहिलं. म्हणून तर तिचं जास्त कौतुक वाटतं.

त्या संध्याकाळी फोटोग्राफरांनी जे केले ते मी त्यांच्याकडून अपेक्षिले नव्हते. रस्त्यावरच्या खिडकीत एका न्यायाधीशांचा मोठा फोटो होता. तो त्यांनी काढला आणि तिथे पाणकोंबडीचा लावला. चौकट दोनदा वाकडी लागली. तिसऱ्यांदा वहिनींनी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर रंगशाळेतली माणसे खिडकीसमोर थांबली. घोषणा नाहीत, गडबड नाही. नुसती उभी राहिली. कोणी लहान मुलाला उचलून दाखवले. एका म्हाताऱ्याने आपला निळा पंजा काचेवर टेकवला, फोटोतल्या पंजासमोर, आणि मग घाईने बाहीने काच पुसून टाकली. ठसा मुळी उमटलाच नव्हता. त्यानंतर रोज कोणी ना कोणी असे. क्लबचे खेळाडूही त्या रस्त्याने येत-जात. त्यांच्यातला एक, वॉटर पोलोच्या संघाचा कप्तान, फार उंच असल्यामुळे सगळे त्याला 'उंट' म्हणत. तो एक दिवस पाऊण तास थांबला. त्याचा स्वतःचा फोटो क्लबच्या भिंतीवर होता.

महिनाभराने क्लबचा वार्षिक सामूहिक फोटो होता. तो काढायला आम्हालाच बोलावले, कारण आधीच ठरलेले होते. मला हातगाडीवरून तलावाकाठी नेले. बाकांच्या तीन रांगा मांडल्या होत्या, पुढे खुर्च्यांवर समितीचे चार जण, त्यांतच मध्ये चिटणीस साहेब. मागे अठरा खेळाडू. पाणकोंबडी नव्हती. तो मंगळवार होता, आणि मंगळवारी तिला फाटकातून आत यायची परवानगी नव्हती.

फोटोग्राफर कापडात शिरले. दुधी काचेवर सगळे उलटे दिसत होते, खाली डोक्यांच्या रांगा, वर पाय. तेवढ्यात मधल्या रांगेतले दोन लांब पाय हलले. उंट उठला होता.

"साहेब, आमच्यातली एक कमी आहे," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. "ती आली की बसतो."

तो जाऊन तलावाच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला. मग दुसरा उठला. मग दोघे भाऊ उठले.  माझ्या काचेवर एकेक जोडी पाय उठून कडेला सरकत गेली आणि बाके उघडी पडत गेली. शेवटी सगळे अठरा पलीकडे होते. पुढे चार खुर्च्यांवर चार जण तेवढे उरले होते. त्यांना मागे वळून पाहणे कमीपणाचे वाटत होते.

फोटोग्राफरांनी कापडातून डोके काढून विचारले, "साहेब, काढू?"

चिटणीस साहेबांनी ताठ मानेने सांगितले, काढा. बहुधा त्यांना वाटले, पोरे घाबरून परत येतील. फोटोग्राफरांनी फुगा दाबला. चार मोठी माणसे आणि तीन रिकाम्या रांगा, असा तो फोटो आहे. तोही खिडकीत लागला, पाणकोंबडीच्या शेजारी. शहर तो बघायला लोटले, आणि हसले. हसणे फार दूर पोचते, मित्रांनो.

क्लबने आमचे काम बंद केले. ते वर्ष कठीण गेले. समितीच्या तीन बैठका झाल्या. खेळाडू सरावाला यायचे बंद झाले होते आणि तलाव आठवडाभर निवांत हिरवा होत पडून होता. चौथ्या बैठकीनंतर फाटकावरची पाटी उतरली. चार खिळ्यांची भोके राहिली, ती कोणी बुजवली नाहीत. मग एका सकाळी चिटणीस साहेब पुन्हा आमचा जिना चढले. खिडकीतलाच फोटो हवा म्हणाले, आहे तसाच, भिंतीवर जागा मोकळी ठेवली आहे. जाताना ते वहिनींच्या मेजापाशी घुटमळले. वहिनींनी त्यांना चहा दिला.

आता तुम्ही म्हणाल, पाणकोंबडीने पुढची शर्यत जिंकली असेल. नाही. ते चार महिने ती नदीच्या गार, ओढीच्या पाण्यात सराव करत होती. पाटी उतरली ती शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी. ती चौथी आली. पदक पुन्हा कधी मिळाले नाही. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, पण एकदा वहिनींच्या शेजारी बसून, पेन्सिलींना टोके करून देता देता ती खूप रडली. हे मी पाहिले आहे. तुम्हाला सांगतो, कारण नुसता तो फोटो पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

पुढे फोटोच्या प्रती निघाल्या. दुसऱ्या शहरांतल्या रंगाऱ्यांनी त्या भिंतींवर डकवल्या. दुसऱ्याच मागण्यांसाठी लढणारे लोकही ते हात आपल्या पत्रकांवर छापू लागले. पाणकोंबडी काही वर्षांनी रंगशाळा सोडून तलावावर मुलांना शिकवू लागली. हौदात हात बुडेनासे झाल्यावर कातडीचा रंग हळूहळू उतरला. नखे तेवढी बरेच दिवस निळी राहिली, मग तीही वाढून निघाली. एके दिवशी ती वहिनींना भेटायला आली, तेव्हा खिडकीपाशी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी तिला थांबवून फोटोची सगळी कथा सांगितली. ही मुलगी कशी निडर होती, हिला कधी भीती कशी ती ठाऊकच नव्हती, हिने शंभर मीटर एक मिनिट दहा सेकंदांत कसे पार केले. तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"एक मिनिट अठरा," ती म्हणाली, आणि जिना चढून आली.

तुम्ही कुठे वाचलंत, असे ते गृहस्थ खालून विचारत राहिले. वहिनींना हे सांगताना तिला इतके हसू आले, की तिला धड बोलता येईना.

मग काळ बदलला. फिल्मचे छोटे कॅमेरे आले, नंतर तेही गेले. फोटोग्राफर गेले, दोन वर्षांनी वहिनी गेल्या. मुलाने स्टुडिओचे दुकान केले आणि मला माळ्यावर टाकले. उंदरांनी माझ्या भात्याला दोन भोके पाडली. ज्या पोटात सुताराला उजेडाचा ठिपका सापडला नव्हता, तिथे आता दुपारी दोन किरणे पडतात. सगळ्यांत वाईट म्हणजे, मी टिपलेल्या काचा खोक्यांत भरून ठेवल्या होत्या, त्या मुलाने गरम पाण्यात घालून खरवडल्या आणि चौकटींना वापरल्या. त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, की त्यांच्यावर कोण आहे. पाणकोंबडीची काच त्यांत होती का, मला ठाऊक नाही. मी तेव्हा माळ्यावर होतो. आता नातवाने शोभेसाठी मला खाली आणले आहे आणि आठवड्यातून एकदा तो माझे पितळ पुसतो. पोरगा गुणी आहे.

तर मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. तुमच्या घरी जुने फोटो असतील, पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. ते खाली काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि एकेक फोटो त्याच्या हातात द्या. हा कोण, ही काय काम करत होती, हिला कशाची भीती वाटायची, हे विचारा आणि मागे लिहून ठेवा. फोटो भिंतीवर पूजायला पुष्कळ लोक तयार असतात. तो माणूस कोण होता, हे विचारणारा एखादाच भेटतो.

आणि एक माझ्यापुरते. बाहेरून भिजून आलात तर ओली छत्री माझ्या भात्यावर ठेवू नका. चामडे फार जुने आहे.